परक्या मातीत हात: सामुदायिक बागा निर्वासितांना आपलंसं कसं करतात

घोळ नावाची एक बुटकी वनस्पती आहे. जाड, मांसल पानं, लालसर देठ, जमिनीला धरून पसरणारी. उत्तर युरोपात आणि अमेरिकेत बागकाम करणारे बहुतेक लोक तिला तण समजतात आणि उपटून कंपोस्टच्या ढिगावर टाकतात. सीरियात आणि तुर्कस्तानात हीच पानं कोशिंबिरीत घालतात, दह्यात कालवतात.

आता एका वाफ्याच्या दोन बाजूंना दोन बाया बसल्या आहेत असं समजा. एक त्याच गावात लहानाची मोठी झालेली, दुसरी काही महिन्यांपूर्वी सीरियातून आलेली. पहिलीने घोळ उपटायला हात घातला आणि दुसरीने तो हलकेच अडवला. एक पान तोडून स्वतःच्या तोंडात टाकलं, दुसरं हिच्यापुढे धरलं. मग मोडक्यातोडक्या शब्दांत आणि हातवाऱ्यांनी जे बोलणं झालं, त्यात शिकवणारी परकी होती आणि शिकणारी गावची.

निर्वासितांसाठीच्या सामुदायिक बागांबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात हिरवळ, ताजी हवा, मनःशांती हे शब्द फार येतात. ते खोटे नाहीत. पण हिरवळ सार्वजनिक उद्यानातही असते, आणि तिथल्या बाकावर एकटा बसलेला परका माणूस संध्याकाळी तितकाच परका राहून परत जातो. बागेत वाफा असतो, तो सांभाळणारा माणूस असतो, आणि त्या माणसाला काहीतरी येत असतं. देश सोडल्यापासून ज्याला सतत घेणाऱ्याच्याच जागी उभं राहावं लागलं, त्याला इथे देता येतं. माझ्या मते बागेची खरी ताकद इथे आहे, आणि ही एक गोष्ट नीट समजली की कोणती बाग लोकांना सामावून घेते आणि कोणती नुसती फोटोपुरती उरते, हे ओळखता येतं.

आधी शब्द लावून घेऊ

‘निर्वासित’ आणि ‘आश्रयार्थी’ हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे आणि बागेच्या व्यवहारातही तो पदोपदी जाणवतो.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारानुसार निर्वासित म्हणजे असा माणूस, ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे आपल्या देशात छळ होईल अशी रास्त भीती आहे, आणि म्हणून जो देशाबाहेर आहे. हा करार मुळात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, मुख्यतः युरोपातल्या परिस्थितीसाठी होता. काळाची आणि भूगोलाची ती मर्यादा १९६७ च्या पुरवणी कराराने काढली. ज्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे त्याला तिथेच परत ढकलायचं नाही, हे या कराराचं सगळ्यात महत्त्वाचं कलम.

आश्रयार्थी म्हणजे ज्याने असं संरक्षण मागितलं आहे, पण ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. निकाल बाजूने लागला की तो निर्वासित म्हणून राहू शकतो, काम करू शकतो, अनेक देशांत कुटुंबालाही आणू शकतो. निकाल विरुद्ध गेला तर अपील, आणि तेही फेटाळलं गेलं तर देश सोडण्याची वेळ. मधला सगळा काळ अधांतरी.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४ च्या अखेरीस जगभरात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसं छळ, युद्ध आणि हिंसाचारामुळे घराबाहेर पडलेली होती. त्यातली निम्म्याहून जास्त आपल्याच देशात इतरत्र विस्थापित झालेली. निर्वासित सुमारे ४ कोटी २७ लाख, आणि आश्रयाच्या निकालाची वाट पाहणारे सुमारे ८४ लाख. निर्वासितांचा बहुतांश भार श्रीमंत देश उचलतात असा समज आहे, पण जवळपास तीन चतुर्थांश लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, बहुतेक शेजारच्याच देशात.

सामुदायिक बाग हा शब्द त्या मानाने सोपा. एक जागा, अनेक माणसं. कुठे प्रत्येकाला स्वतंत्र वाफा मिळतो, कुठे सगळे मिळून सगळं पिकवतात, कुठे दोन्ही. जागा नगरपालिकेची, चर्चची, शाळेची किंवा एखाद्या मोकळ्या पडलेल्या भूखंडाची.

वाट पाहण्याला आकार

आश्रयार्थ्याच्या दिवसाकडे जवळून पाहिल्याशिवाय बागेचं मोल कळत नाही.

बऱ्याच देशांत आश्रयार्थ्याला काम करायला सुरुवातीला परवानगीच नसते. जर्मनीत ही बंदी किमान तीन महिन्यांची, सरकारी निवास केंद्रात राहणाऱ्यांसाठी त्याहून जास्त. अमेरिकेत अर्जानंतर १५० दिवसांनी कामाचा परवाना मागता येतो आणि किमान १८० दिवस उलटल्यावर तो मिळू शकतो, असा नियम वर्षानुवर्षं चालत आला. ब्रिटनमध्ये २०२४ मधली पद्धत अशी होती: बारा महिने उलटूनही अर्जदाराच्या चुकीशिवाय निकाल रखडला असेल तरच परवानगी मागता येते, तीही सरकारच्या यादीतल्या ठरावीक कामांसाठीच. तोवर ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही त्याला राहायला जागा आणि आठवड्याला ४९.१८ पाउंड. जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलेल्यांना याहून पुष्कळ कमी.

म्हणजे धडधाकट माणूस, कदाचित काल-परवापर्यंत दुकान, दवाखाना किंवा ट्रक चालवणारा, सकाळी उठतो आणि त्याच्यापुढे काहीही नसतं. पत्र आलं का बघायचं, फोन बघायचा, झोपायचं. कधी निकाल लागेल याची तारीख नाही. तुरुंगातल्या माणसालासुद्धा सुटकेची तारीख माहीत असते, इथे तीही नाही.

अशा माणसाने मुळ्याचं बी पेरलं, की त्याच्या आयुष्यात एक तारीख येते. साधारण चार आठवड्यांत मुळा हाताशी येतो. मंगळवारी पाणी घातलं नाही तर गुरुवारी रोप मान टाकतं. आपण काही केल्याने काही घडतं, हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. आश्रयाच्या अर्जाच्या बाबतीत नेमकं हेच हरवलेलं असतं: तिथे कितीही काही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही.

बागकामाने ताण हलका होतो याला थोडा मोजलेला आधारही आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बागकाम करणाऱ्या ३० जणांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं. नंतर निम्म्यांनी अर्धा तास आपल्या वाफ्यात काम केलं, निम्म्यांनी अर्धा तास घरात वाचन केलं. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं. बागकामाच्या गटात जास्त उतरलं, आणि त्यांचा मूडही पूर्ववत झाला. ही माणसं निर्वासित नव्हती आणि संख्याही लहान होती. त्यामुळे ‘बागकामाने युद्धाच्या जखमा भरतात’ असं यातून म्हणता येत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं. पण दमलेलं शरीर मातीत अर्धा तास काम केल्यावर शांत होतं, एवढं तरी दिसतं.

ज्यांनी छळ सोसला आहे त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्यांचं शरीर सतत सावध असतं. दार आपटलं तरी दचकतात, रात्री झोप लागत नाही. अशांना डॉक्टरसमोर खुर्चीत बसून बोलणं अवघड जातं, कारण समोरासमोर बसून प्रश्न विचारले जाणं हा त्यांचा आधीचाच वाईट अनुभव असतो. चौकशी तशीच झाली होती, आणि आश्रयाची मुलाखतही तशीच होते. बागेत माणसं शेजारी-शेजारी असतात. दोघांची नजर मातीकडे. बोलायचं तर बोला, नाहीतर खुरपणी चालू ठेवा. लंडनमध्ये छळपीडितांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेने १९९० च्या दशकातच मानसोपचार वाफ्यांवर नेला तो याचसाठी: उपचारतज्ज्ञ आणि रुग्ण दोघंही हातात खुरपं घेऊन, आणि बोलणं जमेल तसं.

गॉटिंगेनच्या बायका

जर्मनीतल्या गॉटिंगेन शहरात १९९५ च्या सुमारास बोस्नियातल्या युद्धातून आलेल्या काही स्त्रिया एका सल्ला केंद्रात चहाला जमत असत. तिथे त्यांना विचारलं गेलं: इथे सगळ्यात जास्त कशाची उणीव भासते? उत्तर आलं: आमच्या बागांची.

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मदत करणारे सहसा विचारतात, तुम्हाला काय हवं आहे? मग उत्तरं यादीतली येतात: कपडे, भाषेचा वर्ग, मुलाला शाळा. ‘कशाची उणीव भासते’ असं विचारल्यावर माणसाला आपण कोण होतो ते सांगावं लागतं. त्या बायका आपापल्या गावी परसात भाजी आणि फळं पिकवणाऱ्या होत्या. घर त्यांच्या हातांनी चालत होतं. इथे सगळं पाकिटातून आणि कुपनांतून येत होतं.

मग त्यांनी जागा शोधली, आणि १९९६ मध्ये पहिली बाग उभी राहिली. वेगवेगळ्या देशांतून आलेली आणि जर्मन कुटुंबंही तिथे एकत्र आली. एका इथिओपियन कृषी अभियंत्याने या कामाला आकार देण्यात मोठा वाटा उचलला. या बागांना ‘आंतरराष्ट्रीय बागा’ असं नाव पडलं, पुढे ‘आंतरसांस्कृतिक बागा’ हा शब्द रूढ झाला, आणि आज जर्मनीत अशा शेकडो बागा आहेत. ही कल्पना एखाद्या खात्याने आखून दिलेली नव्हती, ती निर्वासित बायकांच्या एका उत्तरातून निघाली, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या सिटी हाइट्स भागात २००९ मध्ये ‘न्यू रूट्स’ नावाचं सामुदायिक शेत सुरू झालं. सोमाली बांटू (सोमालियातला एक अल्पसंख्य समाज), कंबोडियन आणि इतर अनेक समाजांतली कुटुंबं तिथे पिकवू लागली. सुरुवातीच्या परवानग्यांमध्ये बराच काळ आणि हजारो डॉलर गेले, कारण शहराचे नियम मोकळ्या जागेवर भाजी पिकवणाऱ्यांचा विचार करून केलेलेच नव्हते. शेवटी २०११ मध्ये शहराने हे नियम सोपे केले. निर्वासितांनी केलेल्या खटपटीचा फायदा त्या शहरात बाग करू पाहणाऱ्या प्रत्येकाला झाला.

येणारं ज्ञान आणि न येणारी तूर

सामुदायिक बागेत पिकं पाहत फिरलं तर जगाचा नकाशा वाचता येतो. म्यानमारच्या कुटुंबांच्या वाफ्यात अंबाडी, कारण तिचा आंबट पाला त्यांच्या रोजच्या जेवणात असतो आणि अमेरिकेच्या दुकानांत तो सहज मिळत नाही. नेपाळी बोलणाऱ्या भूतानी कुटुंबांकडे मोहरीची पालेभाजी, कारली, तिखट मिरच्या. आफ्रिकेच्या अनेक भागांतून आलेले लोक भोपळा लावतात तो फळासाठी आणि पानांसाठीही. शेजारचा स्थानिक बागवाला भोपळ्याची पानं फेकून देताना पाहून त्यांना नवल वाटतं. चाकवताचंही तेच: उत्तर युरोपात तो तण, बऱ्याच देशांत भाजी.

पण नव्याने आलेल्याचं ज्ञान नव्या जमिनीत जसंच्या तसं लागू होत नाही, आणि हे बागेतल्या कोणीतरी त्याला वेळीच सांगायला हवं. तुरीचं उदाहरण घ्या. पूर्व आफ्रिकेत आणि म्यानमारमध्ये तूर पिकवणारे पुष्कळ. तुरीच्या बहुतेक जातींना फुलायला दिवस लहान आणि रात्री मोठ्या लागतात. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा. झाड उन्हाळाभर उंच वाढतं, हिरवंगार दिसतं, पण फुलत नाही. दिवस लहान होऊन फूल धरायची वेळ येते तोवर थंडी पडते आणि झाड मरतं. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला पहिल्याच वर्षी असं अपयश येतं, आणि ज्याला आपलं म्हणायला तेवढी एकच विद्या उरली होती त्याला ते फार लागतं.

इथे गावचा म्हातारा बागवाला कामी येतो. शेवटचं हिमकडाक्याचं दव कधी पडतं, टोमॅटोची रोपं कधी बाहेर काढायची, कुठल्या कोपऱ्यात ऊन जास्त वेळ टिकतं, हे त्याला ठाऊक असतं. भोपळ्याची पानं कशी शिजवायची हे त्याला ठाऊक नसतं. दोघांकडे अर्धं-अर्धं ज्ञान असल्यामुळे दोघांनाही एकमेकांची गरज पडते. भाषेच्या वर्गात ही गरज एकतर्फी असते. तिथे एकजण जाणता आणि बाकीचे अडखळणारे. बागेत भाषासुद्धा वस्तूंना धरून येते. झारी, फावडं, ओलं, कोरडं, अजून, पुरे. हातात झारी असताना ऐकलेला शब्द विसरत नाही.

बियाण्यांबद्दल एक सावधगिरी. घरून बी मागवणं हा साहजिक मोह आहे, पण रोगराई पसरू नये म्हणून बहुतेक देश त्यावर बंधनं घालतात. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून आणलेल्या बियाण्याला आणि रोपांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आश्रयाचा अर्ज चालू असलेल्या माणसाला सीमेवरच्या किरकोळ चुकीचीही धास्ती असते, म्हणून बागेने हे आधीच समजावून सांगावं आणि स्थानिक बियाणे-अदलाबदलीतून हवी ती जात मिळवून द्यावी. आज बऱ्याच शहरांत आधीच्या पिढीत आलेल्या स्थलांतरितांकडे ते बी असतंच.

सामावून घेणारी बाग ओळखायची कशी

पाटीवर दहा भाषांत ‘स्वागत’ लिहिलेलं असणं चांगलं. पण मी आधी किल्ली कोणाकडे आहे ते पाहीन. फाटक फक्त संस्थेचा कर्मचारी आल्यावरच उघडत असेल तर तिथले निर्वासित पाहुणे आहेत. संध्याकाळी सात वाजता, एकटं राहवत नाही म्हणून, एखादा माणूस स्वतःच्या किल्लीने आत येऊन आपल्या वाफ्याशी बसू शकत असेल तर ती जागा त्याची आहे.

दुसरी गोष्ट वाफ्याची. ‘सगळं मिळून करू’ हे ऐकायला छान वाटतं, आणि काही ठिकाणी छान चालतंही. पण काय लावायचं, कधी काढायचं, कोणी किती न्यायचं हे सगळं भाषा येणारी माणसंच ठरवत असतील तर बाकीचे हळूहळू मजूर होऊन बसतात. स्वतःचा लहानसा वाफा, अगदी एक मीटर बाय दोन मीटरचा का असेना, आणि त्याशिवाय एक सामायिक जागा, ही रचना मला जास्त न्याय्य वाटते. स्वतःच्या वाफ्यात चूक करण्याचं स्वातंत्र्य असतं. बागेच्या समितीत निर्वासित आहेत का, हेही तितकंच बघावं. बैठकीला दुभाषी हवा, नाहीतर नाव समितीत आणि माणूस गप्प, असं होतं.

तिसरी गोष्ट बसच्या भाड्याची, आणि बहुतेक बागा इथेच हरतात. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून बसचं एकेरी भाडं बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त ३ पाउंड. जाऊन-येऊन ६. आठवड्यातून दोनदा बागेत यायचं तर १२ पाउंड, म्हणजे ४९.१८ पाउंडांतले जवळजवळ पाव. कोणीही एवढे खर्चणार नाही. मग बागेतली मंडळी म्हणतात, ‘आम्ही बोलावतो, पण ते येतच नाहीत.’ बागेच्या अंदाजपत्रकात बियाण्याच्या आधी बसभाडं लिहिलं पाहिजे.

चहाची किटली, पावसात उभं राहायला छप्पर, स्वच्छतागृह, मुलांना खेळायला जागा: यांवर फार लिहायची गरज नाही, पण यांतलं एक जरी नसलं तर लहान मुलं असलेल्या बाया येत नाहीत.

फोटोंवर मात्र थोडं थांबायला हवं. देणगीदारांना फोटो आवडतात. पण ज्याचं कुटुंब अजून मायदेशी आहे आणि ज्याला तिथल्या सरकारची किंवा टोळीची भीती आहे, त्याचा चेहरा इंटरनेटवर जाणं धोक्याचं असू शकतं. एकदा ‘हो’ म्हटलं म्हणून कायमची परवानगी मिळाली असं धरू नये, कारण ज्याचा आधार आपल्यावर आहे त्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं. हात, रोपं, टोपलीतली वांगी यांचे फोटो पुरेसे असतात. तसंच ‘तुम्ही का आलात?’ हा प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, पण अर्जदाराला हीच कहाणी अधिकाऱ्यांपुढे, वकिलापुढे पुन्हापुन्हा सांगावी लागलेली असते, आणि तपशिलात फरक पडला तर खोटं ठरण्याची टांगती तलवार असते. बागेत तो प्रश्न विचारूच नये. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

आणि सगळे निर्वासित शेतकरी असतात हेही मनातून काढून टाकायला हवं. कित्येक जण मोठ्या शहरांत वाढलेले, कधी रोप न लावलेले असतात. काहींना मातीत काम करणं कमीपणाचं वाटतं, कारण त्यांच्या समाजात ते लादलेलं काम होतं. अशांसाठी बागेत सुतारकाम आहे, हिशेब आहे, सायकल दुरुस्ती आहे, किंवा नुसतं येऊन बसणं आहे.

कायद्याची कुंपणं

ज्याला कामाची परवानगी नाही त्याला बागेच्या कामाचे पैसे देता येत नाहीत, आणि भाजी विकून आलेले पैसे वाटून घेणंही त्याच्यासाठी अडचणीचं ठरू शकतं. ब्रिटनचं गृहखातं दोन गोष्टींत फरक करतं: धर्मादाय संस्थेसाठी मोबदल्याविना, बांधिलकीविना केलेली स्वयंसेवा आश्रयार्थ्याला चालते, पण पगारी कर्मचाऱ्याची जागा भरणारं किंवा वस्तुरूपाने मोबदला देणारं काम चालत नाही. जेवणाचा आणि प्रवासाचा झालेला खर्च भरून देता येतो. म्हणून बागेने सगळं साधं ठेवावं. प्रत्येकाने आपल्या वाफ्यातलं पीक घरी न्यावं, सामायिक पीक एकत्र शिजवावं, आणि विक्रीचा विचार असेल तर आधी त्या देशातला नियम जाणणाऱ्या वकिलाला विचारावं. चूक बागेची झाली तरी परिणाम आश्रयार्थ्याच्या अर्जावर होऊ शकतो.

दुसरं कुंपण जमिनीचं. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक मंडळांवर मागणीनुसार भाजीचे वाफे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकली. पूर्ण आकाराचा वाफा सुमारे २५० चौरस मीटरचा. पण मोठ्या शहरांत प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षं लांब असते, आणि उद्या कुठे असू हे माहीत नसलेला माणूस त्या यादीत नाव घालून काय करणार? म्हणून संस्थेने वाफा घ्यायचा आणि त्याचे लहान तुकडे करून द्यायचे, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. जागा जुन्या कारखान्याची किंवा रस्त्याकडेची असेल तर मातीत शिसं आहे का हे तपासून घ्यावं. असेल तर बाहेरची स्वच्छ माती भरलेले उंच वाफे करावेत, कारण लहान मुलांसाठी शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही.

छावणीतल्या बागा

आतापर्यंत आपण शहरांबद्दल बोललो. छावण्यांमध्ये चित्र वेगळं. तिथे गावचा म्हातारा बागवाला नसतो, सगळेच बाहेरचे. आणि यजमान देशाला झाडाची धास्ती वाटते, कारण झाड म्हणजे मुक्काम.

तरी लोक लावतातच. इराकच्या कुर्दिस्तान भागात, डोमिझच्या छावणीत सीरियातून आलेल्या कुर्द कुटुंबांनी सिमेंटच्या अंगणांत, डब्यांत, प्लास्टिकच्या बाटल्यांत भाज्यांबरोबर फुलंही लावली. २०१६ मध्ये तिथे ‘लेमन ट्री ट्रस्ट’ या संस्थेने घरोघरच्या बागांची स्पर्धा भरवली. २०१८ मध्ये लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात या छावणीवरून प्रेरणा घेतलेली बागही मांडली गेली. रेशनवर जगणारी माणसं गुलाब का लावतात, असं कुणाला वाटेल. पोटाला लागतं ते रेशनमधून कसंबसं येतं. दारापुढे काय फुलवायचं हे मात्र त्यांना कोणीच वाटून देत नाही, ते त्यांनाच ठरवता येतं.

जॉर्डनमधल्या झातरी छावणीत, जी जुलै २०१२ मध्ये उघडली, शेफील्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी निर्वासितांबरोबर एक युक्ती बसवली. छावणीत जुन्या गाद्यांचा ढीग होता. गादीतला फोम कापून मातीच्या जागी वापरला, त्यात पोषक द्रव्यं मिसळलेलं पाणी दिलं, आणि टोमॅटो, मिरची, वांगी आली. पाणीही पुष्कळ कमी लागलं. शास्त्रज्ञांना फोमची माहिती होती, पण पीक कसं वाढवायचं हे सीरियाच्या शेतकऱ्यांना जास्त कळत होतं. अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या, पश्चिम सहारातून विस्थापित झालेल्या सहरावी लोकांच्या छावण्यांत तर स्वतः निर्वासित असलेल्या एका कृषी अभियंत्याने वाळवंटात मातीविना बार्लीचा हिरवा चारा उगवून दाखवला. तो शेळ्यांना जातो, आणि शेळ्यांचं दूध मुलांना.

बाग जे करू शकत नाही

बाग कोणाला कामाचा परवाना देत नाही, निकाल लवकर लावत नाही, कुटुंबाला एकत्र आणत नाही. ज्या शहरात आश्रयार्थ्यांना घर नाही पण बागेसाठी निधी आहे, तिथे बाग हे सोयीचं झाकण होऊ शकतं. चांगल्या बागा हे जाणतात. त्यांच्या छपराखाली महिन्यातून एकदा वकील येऊन बसतो, भिंतीवर अपिलाच्या मुदतींची माहिती असते, आणि कोणाला पत्र वाचून हवं असेल तर वाचून देणारं कोणीतरी असतं.

बागेची जागाही कायमची नसते. न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून लोकांनी पडीक भूखंडांवर बागा फुलवल्या, आणि १९९९ मध्ये शहर प्रशासनाने त्यांतल्या शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. लोकांनी विरोध केला, दोन संस्थांनी पैसे उभे केले, तेव्हा त्या वाचल्या. एकदा घर गमावलेल्या माणसाला वाफा देताना ही जागा किती वर्षांची आहे हे आधीच खरंखरं सांगायला हवं.

सगळ्यात अवघड प्रसंग मात्र बदलीचा. आश्रयार्थ्याला सरकार एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवतं, कधी अगदी थोड्या दिवसांच्या सूचनेवर. टोमॅटो नुकते लाल व्हायला लागलेले असतात आणि माणूस जातो. हे वारंवार घडणार हे धरूनच बाग आखावी लागते. मुळा, पालक, कोथिंबीर, मेथी अशी लवकर हाताशी येणारी पिकं काही वाफ्यांत ठेवायची. काही रोपं कुंड्यांत किंवा पिशव्यांत लावायची, म्हणजे ती सोबत नेता येतात. प्रत्येक वाफ्याला एक जोडीदार ठरवायचा, जो मालक गेल्यावर पाणी घालेल आणि पीक काढून, जमलं तर, पोहोचतं करेल. बी धरायला दोन-चार झाडं राखायची. वाळवलेलं बी कागदाच्या पुडीत घालून, त्यावर पिकाचं नाव त्या माणसाच्या भाषेत आणि स्थानिक भाषेत, दोन्हीकडे लिहून, निघताना हातात द्यायचं. आणि तो ज्या शहरात चालला आहे तिथल्या बागेला त्याच्या परवानगीने आधीच फोन करून ठेवायचा: अमुक दिवशी एकजण येईल, भेंडी उत्तम लावतो, त्याला एक वाफा आणि एक किल्ली द्या.